कर माफ झाला म्हणे! पण कुणाच्या नावावर?



उसतोडीला गेलेल्या बाया गावाकडं परतल्या, की आमच्या गटांच्या बैठकांना पुन्हा गर्दी होते. केज तालुक्यातल्या एका गावात अशीच बैठक होती. बचतीची वही फिरली, हप्ते जमा झाले, चहा झाला आणि एका मावशींनी आम्हाला विचारलं, "बाई, टीव्हीवाले सारखं म्हणायलेत, सरकारनं कर कमी केला, बायांना सूट दिली. आमच्या हातात तर रुपया आला न्हाई. मग ती सूट गेली कुठं?"

सगळ्या हसल्या. आम्हीही हसलो. पण घरी परतताना आम्ही गप्प होतो. मावशींच्या प्रश्नाचं नीट उत्तर आमच्यापैकी एकीकडेही नव्हतं. रेडिओवर आम्ही बजेटच्या बातम्या वाचतो, पण बजेटमधली सूट बाईच्या घरापर्यंत कोणत्या वाटेनं येते, हे कधी पाहिलं नव्हतं. मग आम्ही तालुक्याला गेलो. दुय्यम निबंधक कार्यालयाच्या बाकावर बसलो, तलाठी भाऊसाहेबांना विचारलं, हिशेब लिहिणाऱ्या माणसाला विचारलं. जे कळलं ते आज सांगतो.

आधी एक गोष्ट मनाशी पक्की करा. "आम्ही गरीब, आम्ही कुठं कर भरतो?" असं बऱ्याच बाया म्हणतात. ते खरं नाही. आपण साबणाची वडी घेतो तेव्हा कर भरतो. मोबाईलचं रिचार्ज मारतो तेव्हा भरतो. स्टॅम्पपेपर घेतो तेव्हा भरतो. नवऱ्यानं मोटरसायकल घेतली तेव्हाही घरातून कर गेला. पावती आपल्या नावाची नसते, म्हणून तो आपल्या ध्यानात राहत नाही. आणि ज्याची पावती नाही, त्याची सूट मागायला तोंड कुठून उघडणार?

राज्याच्या हातातले कर कोणते?

आयकर केंद्र सरकारचा. त्यात मुंबईतलं सरकार काही करू शकत नाही. राज्याच्या हातात जे कर आहेत, त्यातले आपल्या कामाचे तीन. पगारातून कापला जाणारा व्यवसाय कर, ज्याला प्रोफेशन टॅक्स म्हणतात. घर-जमिनीच्या कागदावरचं मुद्रांक शुल्क, म्हणजे स्टॅम्प ड्युटी. आणि जीएसटीतला राज्याचा निम्मा वाटा. जीएसटीचे दर मात्र एकटं राज्य ठरवत नाही. केंद्र आणि सगळ्या राज्यांचे मंत्री परिषदेत बसून ठरवतात.

आता एकेकाचं बघू.

पगारातले दोनशे रुपये

बैठकीत एक मुलगी होती. तालुक्याच्या गावी एका खाजगी दवाखान्यात काम करते. पगार १४,००० रुपये. तिच्या पगाराच्या चिठ्ठीत दर महिन्याला २०० रुपये कापलेले होते आणि समोर इंग्रजीत दोन अक्षरं होती, पी. टी. तिला वाटायचं, हा पीएफसारखाच काहीतरी आपला साठणारा पैसा आहे.

तो साठणारा पैसा नव्हे. तो व्यवसाय कर. महाराष्ट्रात त्याचा कायदा १९७५ सालचा आहे. महिन्याला १०,००० रुपयांच्या वर पगार असला की महिन्याला २०० रुपये आणि फेब्रुवारीत ३००, असे वर्षाला २,५०० रुपये कापले जातात. बायांसाठी १०,००० पर्यंत माफी होती. ९ मार्च २०२३ रोजी अर्थमंत्री म्हणून देवेंद्र फडणवीस यांनी जे बजेट मांडलं, त्यात ही मर्यादा वाढवून २५,००० रुपये केली. १ एप्रिल २०२३ पासून महिन्याला २५,००० रुपयांपर्यंत पगार असणाऱ्या बाईला व्यवसाय कर नाही. ही सूट बायांनाच आहे. पुरुषांची मर्यादा ७,५०० रुपयांचीच राहिली.

म्हणजे त्या मुलीच्या पगारातून एक रुपयाही कापायला नको होता. तिनं दवाखान्यात विचारलं, तर हिशेबनीस म्हणाला, "कॉम्प्युटरमध्ये जुनंच चालू राहिलं असंल." सूट सरकारनं दिली होती. तिच्यापर्यंत ती आली नाही, कारण कुणी सांगितलं नाही आणि तिनं चिठ्ठी वाचली नव्हती.

२,५०० रुपये म्हणजे मोठ्या साहेबांना काहीच नाही. पण या मुलीचा तो पाच-सहा दिवसांचा पगार आहे.

दुकानात, शाळेत, पतसंस्थेत, दवाखान्यात, कारखान्याच्या कचेरीत काम करणाऱ्या आपल्या लेकीसुनांना सांगा, पगाराची चिठ्ठी मागून घ्या. पगार २५,००० च्या आत असेल आणि व्यवसाय कर कापत असतील, तर लेखी अर्ज करून थांबवायला सांगा आणि आधी कापलेल्याचा हिशेब मागा. चिठ्ठीच मिळत नसेल तर ती मागणं हेच पहिलं काम.

पापडाचा गट आणि जीएसटी

दुसरा प्रश्न पापड-लोणच्याच्या गटाचा. त्यांच्याकडं एक जण आला होता. म्हणाला, "तुम्ही माल विकता, तुम्हाला जीएसटी नंबर काढावाच लागंल, न्हाई तर दंड बसंल. पाच हजार द्या, काढून देतो." बाया घाबरल्या. विक्री बंद करावी की काय, इथपर्यंत बोलणं गेलं.

मैत्रिणींनो, महाराष्ट्रात फक्त माल विकणाऱ्याची वर्षाची उलाढाल ४० लाख रुपयांच्या आत असेल, तर जीएसटी नोंदणी सक्तीची नाही. सेवा देणाऱ्यांसाठी ही मर्यादा २० लाखांची आहे. उलाढाल म्हणजे नफा नव्हे, वर्षभरात जेवढ्याचा माल विकला ती एकूण रक्कम. आपल्या बहुतेक गटांची विक्री ४० लाखांच्या आसपासही जात नाही. माल परराज्यात पाठवायचा असेल तर नियम वेगळे आहेत, तेव्हा आधी जाणकाराला विचारा. पण गावच्या बाजारात, जत्रेत, बीडच्या प्रदर्शनात पापड विकायला कुणी घाबरू नये. त्यातून पापडावर तर जीएसटीच नाही.

२२ सप्टेंबर २०२५ पासून बऱ्याच वस्तूंवरचा जीएसटी उतरला. अंगाचा साबण, केसांचं तेल, टूथपेस्ट यांच्यावर १८ टक्के होता, तो ५ टक्के झाला. लोणचं, फरसाण, तूप, शिलाई मशीन, ट्रॅक्टर यांच्यावर १२ होता, तो ५ झाला. सॅनिटरी पॅडवर तर जुलै २०१८ पासून कर नाही. लोणच्याचा गट मोठा झाला आणि नोंदणी करावी लागली, तरी आता गिऱ्हाइकावरचा बोजा कमी आहे. गटानं शिलाई मशीन घ्यायचं ठरवलं असेल, तर पक्कं बिल मागा आणि त्यावर कराचा दर काय लिहिलाय ते वाचा. दुकानदारानं "कर कमी झालाय" असं स्वतःहून सांगण्याची वाट पाहू नका.

मोठ्या उद्योगांनाही राज्य सूट देतं. १९६४ पासून महाराष्ट्रात सामूहिक प्रोत्साहन योजना आहे. मागास भागात कारखाना काढला, तर सरकार कराचा काही भाग अनुदान म्हणून परत देतं, वीज शुल्क माफ करतं, जमिनीच्या कागदावरचं मुद्रांक शुल्क सोडतं. मराठवाड्याला त्यात झुकतं माप असतं. कारण साधं आहे. पुण्याला बाजार जवळ, पाणी जवळ, रस्ते चांगले. सवलत नसेल तर बीडला कारखाना कोण काढणार? पण अशी सवलत घ्यायला नोंदणी लागते, जागेचा कागद लागतो, बँकेचं खातं आणि हिशेब लागतो. हे सगळं ज्याच्याकडं आहे, त्यालाच ती मिळते. इथंही गोष्ट कागदावरच येऊन थांबली.

टक्क्यांची गंमत

आता मुद्रांक शुल्क. घर किंवा जमीन विकत घेतली, की किमतीच्या काही टक्के रक्कम सरकारला द्यावी लागते. टाळेबंदीनंतर २०२० च्या सप्टेंबरपासून डिसेंबरपर्यंत राज्यानं या शुल्कात ३ टक्क्यांची कपात केली, पुढं मार्च २०२१ पर्यंत २ टक्क्यांची. हेतू असा, की घरांचे व्यवहार सुरू व्हावेत, बांधकामावरच्या मजुरांना काम मिळावं.

पण हिशेब करून बघा. मुंबईत ५ कोटींचं घर घेणाऱ्याचे ३ टक्क्यांनी १५ लाख रुपये वाचले. आपल्याकडं कुणी ५ लाखांचा प्लॉट घेतला असेल, तर त्याचे १५,००० वाचले. आणि ज्या बाईनं काहीच विकत घेतलं नाही, तिचं काहीच वाचलं नाही. सूट सगळ्यांना सारखीच होती, असं कागद म्हणतो. ताटं मात्र सारखी नव्हती.

बायांसाठी वेगळी सूट ८ मार्च २०२१ ला जाहीर झाली. महिला दिनी अर्थमंत्री अजित पवार यांनी बजेट मांडलं आणि राजमाता जिजाऊ गृहस्वामिनी योजना आणली. बाईच्या नावावर राहतं घर विकत घेतलं, तर मुद्रांक शुल्कात १ टक्का सूट. १० लाखांच्या घराला १०,००० रुपये. घर बाईच्याच नावावर हवं. नवऱ्याचं नाव जोडीला लावलं तर ही सूट मिळत नाही. सुरुवातीला एक अटही होती, की पंधरा वर्षं ते घर पुरुषाला विकायचं नाही. अडीअडचणीला बाईनं घर विकायचं ठरवलं, तर ही अट तिलाच अडवत होती. २०२३ च्या बजेटमध्ये ती काढून टाकायचं ठरलं.

सूट चांगली आहे. बीडला, अंबाजोगाईला, माजलगावला कुणी घर घेत असेल तर जरूर घ्या. पण आमच्या त्या मावशींनी लगेच विचारलं, "खेड्यात घर विकत कोण घेतंय, बाई? आमचं घर सासऱ्याचं. जमीन सासऱ्याची. इकत घेतलं तर सूट. आम्ही घ्यावं कशानं?"

मावशींचं बरोबर आहे. त्यांच्या कामाची सूट दुसरीच आहे, आणि तिची जाहिरात फारशी होत नाही.

दोनशे रुपयांचा कागद

महाराष्ट्रात नवऱ्यानं बायकोला, आईबापानं मुलाला-मुलीला किंवा नातवंडांना, सासू-सासऱ्यानं मयत मुलाच्या बायकोला राहतं घर किंवा शेतजमीन बक्षीसपत्रानं दिली, तर मुद्रांक शुल्क फक्त २०० रुपये आहे. जमीन लाखाची असो की पन्नास लाखांची. वर नोंदणीचा आणि पानांचा थोडा खर्च येतो, गावाप्रमाणं स्थानिक अधिभारही लागू शकतो. म्हणून आधी दुय्यम निबंधक कार्यालयात जाऊन पूर्ण हिशेब विचारा.

त्याहून जुनी एक वाट आहे. शेतकरी संघटनेच्या शरद जोशींनी लक्ष्मीमुक्तीची मोहीम चालवली होती. जमिनीत राबणाऱ्या बायकोचं नाव नवऱ्यानं जिवंतपणी, आपल्या राजीखुशीनं जमिनीला लावावं, अशी. १९९२ साली सरकारनंही तसं परिपत्रक काढलं. नवऱ्यानं अर्ज केला, की बायकोचं नाव सातबाऱ्यावर सहहिस्सेदार म्हणून लागतं, त्याला मुद्रांक लागत नाही. गावठाणातल्या घरासाठी २००३ पासून घर दोघांचं ही मोहीम आहे. ग्रामपंचायतीच्या घरांच्या नोंदवहीत, म्हणजे नमुना नंबर आठला, नवरा-बायको दोघांची नावं लावायची. आणि नवरा वारला असेल तर वारस नोंद. तिलाही मुद्रांक लागत नाही. तलाठ्याकडं, आता ज्यांना ग्राम महसूल अधिकारी म्हणतात त्यांच्याकडं, तीन महिन्यांच्या आत अर्ज द्यायचा.

आमच्या भागात हे का अडतं, ते आपल्याला माहीत आहे. उसाच्या फडात नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. राबणारे हात चार, पण हिशेबाला कोयता एक. उचल मुकादमाकडून नवऱ्याच्या हातात येते आणि मुकादमाच्या वहीत नावही त्याचंच असतं. दिवाळीच्या सुमाराला गाव सोडायचं, उन्हाळ्याच्या तोंडाला परत यायचं. तेवढ्यात तहसीलची एखादी तारीख निघून जाते. सहा महिने घाम गाळून बाई गावात येते, तेव्हा तिचं नाव मुकादमाच्या वहीतही नसतं आणि सातबाऱ्यावरही नसतं. सूट द्यायची म्हटली तरी सरकारनं द्यायची कुणाला?

तोच स्वस्त कागद, उलट्या हातानं

आता जे सांगतो ते नीट ऐका, कारण ते आमच्याच एका सहकारीच्या घरी घडलेलं आहे. ती आमच्याबरोबर हा कार्यक्रम करते. नाव सांगू नका म्हणाली, पण गोष्ट सांगा म्हणाली.

राखी पौर्णिमेला ती माहेरी गेली. भावानं साडी घेतली, पुरणाचं जेवण झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी भाऊ म्हणाला, "आक्का, जरा तालुक्याला जाऊन येऊ. सातबारा नीट करायचाय, तुझी एक सही लागती." ती गेली. तिथं चार लोक बसलेले होते, कागद तयार होता. तिनं फोटो काढू दिला, अंगठ्याचा ठसा दिला, सही केली. कागद तिनं वाचला नाही. भावाच्या कागदावर संशय कोण घेतं? दोन वर्षांनी तिच्या नवऱ्याचं आजारपण निघालं, पैशाची गरज पडली, तेव्हा तिला कळलं, की ते हक्कसोडपत्र होतं. वडिलांच्या साडेतीन एकरांत तिचा वाटा होता आणि तो तिनं काही न घेता सोडून दिला होता.

सरकारनं तिथंही कर कमीच ठेवलेला आहे. वडिलोपार्जित मिळकतीतला हक्क बहीण-भावांत सोडायचा असेल, तर किमतीच्या टक्क्यानं शुल्क लागत नाही, काही शे रुपयांच्या मुद्रांकावर कागद होतो. घरातल्या घरात वाटणी सोपी व्हावी म्हणून ती सवलत आहे. पण ज्या स्वस्त कागदानं जमीन बाईच्या नावावर येऊ शकते, तसल्याच स्वस्त कागदानं ती तिच्या नावावरून जातेही. सवलतीला माहेर-सासर कळत नाही. कागद कोण घेऊन आलं आणि सही कोण करतं, एवढंच तिला कळतं.

मे २०२५ मध्ये मंत्रिमंडळानं आणखी एक माफी दिली. महसूल कायद्याच्या कलम ८५ प्रमाणं शेतजमिनीचं वाटणीपत्र करताना मुद्रांक शुल्क नाममात्र होतं, पण नोंदणीला १ टक्का, जास्तीत जास्त ३०,००० रुपये लागायचे. त्या खर्चापायी लोक वाटणी तोंडीच ठेवायचे आणि पुढं भांडणं कोर्टात जायची. आता ते नोंदणी शुल्क माफ झालं आहे. म्हणजे पुढच्या काही वर्षांत गावोगाव वाटणीपत्रं होतील. चांगलंच आहे. पण प्रत्येक वाटणीपत्राच्या वेळी एकच प्रश्न विचारायचा, यात लेकींची नावं आहेत का?

कायदा आपल्या बाजूनं आहे. महाराष्ट्रानं १९९४ साली वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाच्या बरोबरीचा हक्क दिला, पण आधी लग्न झालेल्या मुली त्यातून राहिल्या. २००५ च्या देशाच्या कायद्यानं तो भेदही गेला. हक्क सोडायचाच असेल, भाऊ खरोखर अडचणीत असेल, तर खुशाल सोडा. तो तुमचा निर्णय. पण सोडतोय हे माहीत असताना सोडा. कागद आदल्या दिवशी घरी मागा. घरातल्या शिकलेल्या पोरीकडून मोठ्यानं वाचून घ्या. त्याच दिवशी सही करू नका. अडलं तर बीडच्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडं किंवा तालुक्याच्या विधी सेवा समितीकडं जा. बाईला तिथं वकील फुकट मिळतो, तिचं उत्पन्न कितीही असो.

म्हाताऱ्या आयांनाही हेच सांगणं. मुलाच्या नावानं बक्षीसपत्र करायचं असेल, तर "शेवटपर्यंत सांभाळ करीन" ही अट त्यात लिहून घ्या. ती अट असेल आणि मुलानं सांभाळलं नाही, तर २००७ च्या ज्येष्ठ नागरिकांच्या कायद्यानं उपविभागीय अधिकाऱ्यांच्या न्यायाधिकरणाकडं दाद मागून ते बक्षीस रद्द करून घेता येतं. अट लिहिली नसेल तर वाट फार अवघड होते.

एका हातानं दिलं, दुसऱ्या हातानं घेतलं

ऑक्टोबर २०२४ मध्ये राज्यानं १०० रुपयांच्या बऱ्याच कागदांसाठी ५०० रुपयांचा मुद्रांक केला. भाडेकरार, संमतीपत्र, प्रतिज्ञापत्र, गरिबाच्या हातातले कागद पाचपट महागले. ओरड झाली. मग मार्च २०२५ मध्ये महसूलमंत्री चंद्रशेखर बावनकुळे यांनी जाहीर केलं, की जातीचा, उत्पन्नाचा, रहिवासाचा, नॉन क्रीमीलेअरचा दाखला काढताना जोडायच्या प्रतिज्ञापत्राला मुद्रांक लागणार नाही. लेकराचा दाखला काढायला गेलात आणि कुणी ५०० चा बाँड आणायला सांगितला, तर साध्या कागदावर प्रतिज्ञापत्र चालतं, असं ठामपणे सांगा.

मग कर कमी झालेलाच बरा का?

हे सगळं आम्ही पुढच्या बैठकीत सांगितलं. सगळ्यांना वाटलं, कर कमी होईल तेवढं चांगलंच. तेव्हा कोपऱ्यात बसलेल्या एक आजी बोलल्या. बहात्तरच्या दुष्काळात त्यांनी खडी फोडली होती. लाल मिलोच्या भाकरी खाल्ल्या होत्या, लेकरांना सुकडी खाऊ घातली होती. त्या म्हणाल्या, "आमची मजुरी कुठून आली आसंल, बाई? कुणी तरी भरलीच आसंल की."

आजींनी बरोबर जागी बोट ठेवलं. बहात्तरच्या दुष्काळातून महाराष्ट्रात रोजगार हमी योजना उभी राहिली. वि. स. पागे यांची ती कल्पना. मागेल त्याला काम द्यायचं तर पैसा हवा. त्यासाठी १९७५ साली राज्यानं हाच व्यवसाय कर लावला, ज्याची चिठ्ठी ती दवाखान्यातली मुलगी घेऊन आली होती. शहरातल्या पगारदाराच्या पगारातून तो कापायचा आणि खेड्यात बांधबंदिस्तीला, पाझर तलावाला, रस्त्याला मजुरी म्हणून द्यायचा. त्यात सरकारनं आपली भर घालायची. १९७७ साली रोजगार हमीचा कायदा झाला. पुढं २००५ साली सगळ्या देशाला असा कायदा मिळाला, त्याच्या मुळाशी महाराष्ट्राचा हा अनुभव होता. आपल्या जिल्ह्यातल्या कितीतरी बायांनी उन्हाळ्यात या मजुरीवर चूल पेटवली आहे. ऊसतोड कामगारांच्या महामंडळासाठीही कारखान्यांनी गाळलेल्या उसामागं टनाला १० रुपये द्यायचे आणि तेवढेच सरकारनं घालायचे, असं ठरलेलं आहे. तोही एक प्रकारे करच.

म्हणून कर माफ झाल्याची बातमी ऐकली, की दोन प्रश्न विचारायचे. माफी कुणाला मिळाली? आणि त्या पैशातून जे काम व्हायचं, ते आता कशातून होणार? १४,००० पगाराच्या मुलीचा कर माफ झाला, हे योग्यच झालं. ज्याला भरणं परवडतं, त्यानं भरला पाहिजे, हेही तेवढंच योग्य.

या महिन्याच्या बैठकीत करायचं काम

प्रत्येकीनं तीन कागद आणायचे. घरच्या जमिनीचा सातबारा, ग्रामपंचायतीचा नमुना आठचा उतारा, आणि घरात कुणी बाई पगारावर असेल तर तिची चिठ्ठी. तिन्ही कागद गटात वाचायचे. आपलं नाव कुठं आहे, कुठं नाही, ते गटाच्या वहीत लिहायचं. ज्या विधवा मैत्रिणीची वारस नोंद राहिली असेल, तिच्याबरोबर दोघींनी तलाठ्याकडं जायचं. एकटीला पाठवायचं नाही. आणि उसाला जाणाऱ्या मैत्रिणींची कामं आधी, कारण त्यांच्याकडं दसऱ्यापर्यंतच वेळ आहे.

केजच्या त्या मावशी परवा भेटल्या. नवऱ्याला घेऊन ग्रामपंचायतीत गेल्या होत्या. नमुना आठला दोघांची नावं लावण्याचा अर्ज दिला. शेताच्या अर्जाला नवरा अजून तयार नाही. "बघू म्हणतोय," मावशी म्हणाल्या. "मी बी म्हणलं, बघ. पण पुढच्या खेपेला कोयता धरायच्या आधी बघ."

मावशींच्या अर्जाचं काय होतं, ते पुढच्या वेळी सांगू. तोवर राम राम.